लावून नव्हे, लोटून

नॅशव्हिल, ९ मार्च १९९८

प्रिय व्हर्ना,

ख्रिसमसला तू पाठवलेले पेकानचे दाणे पोचले होते. नेहमीसारखेच निगुतीनं सोललेले आणि नेहमीसारखेच चिठ्ठीविना. मी दरवर्षी डबा उलटा करून झटकते, तळाला एखादा कागद चिकटला असेल म्हणून. असो. दाणे गोड होते.

आज लिहिते आहे ते कामासाठी. तू पत्र अर्ध्यात ठेवून देशील या भीतीनं कामाचं आधी सांगते. आपलं गाणं एका मुलीला पुन्हा रेकॉर्ड करायचं आहे, आणि ती ‘लावून’ म्हणत नाही. ‘लोटून’ म्हणते.

आता खाली बस आणि पुढचं वाच.

गेल्या गुरुवारी मी पिंकीच्या कॅफेत गेले होते. तिथलं सगळं अजून तसंच आहे. मधोमध चार खुर्च्या, त्यांवर चार गाणी लिहिणारे. एकानं गायचं आणि बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत जमिनीकडे बघायचं. फक्त आता तिघांच्या डोक्यावर टोप्या असतात आणि तिघांच्याही गाण्यात ट्रक. चौथी ही मुलगी होती. टॅमरा ब्लेव्हिन्स, पूर्व टेनेसीच्या डोंगरातली, वाऱ्यानं उडून जाईल अशी बारीक. “हे माझं नाही, जुनं आहे,” असं म्हणाली आणि तिनं सुरू केलं:

जातेस तर जा, पोरी, मी हाक नाही मारणार,
दिवा नाही विझवणार, दार लोटून घे.

माझ्या हातातला गार चहा माझ्याच मांडीवर सांडला.

गाणं संपल्यावर तिला दारापाशी गाठलं. “हे असं कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही, मॅडम. रेकॉर्ड ऐकून बसवलं.”

“रेकॉर्डवर ‘लावून’ आहे.”

“हो ना, चुकलंय ते.” अगदी सहज म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. “दिवा तेवत ठेवायचा आणि दार लावून घ्यायचं? मग दिवा कुणासाठी, भुतांसाठी? आमची आजी ‘लोटून घे’च म्हणते. मला वाटलं, गाणाऱ्याची जीभ घसरली असेल.”

“गाणारा डॉयल रँकिन आहे, बाई.”

“असेना. त्याला काय जीभ नाही?”

मी कोण ते सांगितल्यावर मात्र तिनं तोंडावर हात घेतला, आणि तेव्हापासून मी मिस अ‍ॅग्नेस झाले.

मग तिला सगळं सांगितलं. तुझ्या माघारी तुझ्याबद्दल बोलले, तेव्हा काय बोलले ते तुलाही कळायला हवं. चुकलं असेल तिथे खूण कर. सांगितलं की ते शब्द तुझ्या आईचे. एकोणीस वर्षांची तू अलाबामातल्या तुमच्या डोंगरावरच्या घरातून गिटार घेऊन निघालीस, वडील तुझ्याशी बोलेनात, आणि मिस ओसी चुलीकडे तोंड करून एवढंच म्हणाल्या, दार लोटून घे. म्हणजे कडी नको. परत यावंसं वाटलं तर ढकललं की उघडेल. त्याचं आपण गाणं केलं आणि दहा वर्षं ते कुणी घेतलं नाही. पुढे एकदा आपली गाणी गायकांना विकणाऱ्या ऑफिसला नमुन्याची टेप हवी होती. त्या आठवड्यात मी केंटकीत वडिलांना माती देत होते आणि तुला हॉटेलातली पाळी सोडता येईना. ऑफिसनं एक गायक बोलावला, मिशिगनचा. त्याच्या मुलखात दार एक तर उघडं असतं, नाही तर बंद. ‘लोटून’ ही त्याला टाइप करणाऱ्याची चूक वाटली. त्यानं आपल्या मनानं ‘लावून’ केलं, आणि ती टेप तशीच डॉयल रँकिनकडे गेली.

पुढचं सगळ्या देशानं ऐकलं. आईनं लेकीला म्हटलेलं गाणं, सोडून जाणाऱ्या बाईला दार दाखवणाऱ्या पुरुषाचं झालं. आणि तुमच्या डोंगरावर, जिथे ते शब्द कुणाचे हे घराघरांत ठाऊक होतं, तिथे मिस ओसी लेकीच्या तोंडावर दार लावणारी आई झाल्या. त्यांनी रेडिओवर ऐकलं आणि तुला विचारलं, “मी असं कधी म्हटलं गं?” त्याच महिन्यात तू सामान बांधून आईकडे परत गेलीस. पुढचं टॅमरानं विचारलं नाही. चांगल्या घरची आहे.

आता काम. जुलैमध्ये ती स्टुडिओत जाणार. कंपनी म्हणते, छापलेला शब्द बदलायचा तर लिहिणाऱ्या दोघींनी हो म्हटलं पाहिजे, नाही तर ‘लावून’च गायचं. टॅमरा म्हणते, मग मी हे गाणं गातच नाही. मी हो म्हटलं आहे. तुझं हवं. मिस ओसी आहेत तोवर त्यांच्या कानावर त्यांचाच शब्द जाऊ दे, व्हर्ना.

तुझी
अ‍ॅग्नेस

२४ मार्च

प्रिय व्हर्ना,

तुझं कार्ड मिळालं. पुढे धबधबा, मागे ‘नको’. इतक्या वर्षांनी तू मला लिहिलेला पहिला शब्द. आमच्या शाळेतल्या सिस्टर इमाक्युलाटा असत्या तर त्यांनी तांबड्या शाईनं विचारलं असतं, कर्ता कुठे, कर्म कुठे?

तुझा राग त्या मिशिगनवाल्यावर नाही, हे मला कळतं. तू गेल्यावर मी त्या गाण्याच्या बक्षीस समारंभाला गेले, दोघींच्या नावांची पाटी घेतली आणि लोकांसमोर हसले, यावर आहे. हो, हसले. पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन आणि पुन्हा हसेन. एका कोटात आपण दोघींनी काढलेले हिवाळे त्या दिवशी मंचावर गेले होते. तू कोट घालून एका ऑफिसात जायचीस, मी शेगडीला पाय लावून वाट बघायचे; तू यायचीस, तो काढून द्यायचीस आणि मी दुसऱ्या ऑफिसात जायचे. दोन्हीकडे एकच उत्तर, गोड आहे, पण आत्ता नको. शब्द चुकला होता, पण ते हिवाळे खोटे नव्हते. तू नव्हतीस म्हणून तुझे निळे बूट घालून गेले होते. ते मला एक नंबर लहान होतात, हे तुला माहीत आहे.

काल पियानोशी बसले होते. आपली पहिली भेट आठवली. तू म्हणालीस, “तू कॉन्व्हेंटातली ना? मग सिस्टरच म्हणते तुला.” मी म्हटलं, माझं लग्न झालंय. तर तू म्हणालीस, “त्याला काय, बिचारा सहन करेल.” बिचाऱ्यानं केलं. शेवटपर्यंत तो तुला विचारत होता, व्हर्नाचं काही कळलं का.

आणि ‘लोटून’ हा शब्द तू पहिल्यांदा टाकलास तेव्हा मी विचारलं होतं, हा शब्द चालेल का गं? तू म्हणालीस, “सिस्टर, दार चालत नाही. दार लोटतात.”

तू सगळं मनाला लावून घेतलंस. बघ, इथे ‘लावून’ बरोबर आहे.

पुन्हा विचारते. हो म्हण.

तुझी
अ‍ॅग्नेस

ईस्टरचा सोमवार, १३ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

या वेळी पानभर! मी ते चर्चमध्ये पर्समध्ये घालून नेलं आणि प्रवचन चाललं असताना वाचलं. देव समजून घेईल, फादर कदाचित नाही.

तू लिहितेस, आईला आता जवळजवळ ऐकू येत नाही, गाणं दुरुस्त करून ऐकवणार कुणाला, उशीर झाला. आणि खाली लिहितेस, गाण्यांनी आमच्या घरात कुणाचं भलं केलेलं नाही, मी सोडली ते बरं झालं. पहिलं मी मानते. दुसरं नाही. ज्या बाईला गाणी नको असतात ती पत्रात “कापडाच्या दुकानात पावसाळी दिवशी फक्त कात्रीचा आवाज येतो” असं वाक्य लिहीत नाही. त्याला चाल लागलेली आहे, व्हर्ना. मी दोनदा वाजवून बघितली.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते, मी लिहिणं सोडलं नाही. पण आता इथे दाताच्या डॉक्टरासारखं झालंय. मंगळवारी दहाला एकाबरोबर बसायचं, दोनला दुसऱ्याबरोबर. पोरं गोड आहेत. दार उघडून धरतात, मॅडम म्हणतात, खुर्ची देतात. आणि मी काहीही सुचवलं की म्हणतात, “फारच छान!” एकही माणूस मला म्हणत नाही, “हे काय भिकार लिहिलंयस, खोड ते.” मी एखादी बरी ओळ लिहिते आणि सवयीनं डावीकडे बघते. डावीकडे टोपी असते.

तुझ्या आईला ऐकू येत नाही, पण ओठ कळतात ना? दुकानात गिऱ्हाईक काय मागतंय ते त्या अजून तुझ्या आधी ओळखतात, हे तूच लिहिलंयस. मग टॅमरा समोर बसून सावकाश म्हणेल. मे महिन्यात तुमच्या चर्चच्या कबरस्तानात सगळे जमून कबरींवर फुलं वाहतात, तो रविवार असतो. त्या दिवशी पानावर आलेल्याला नाही म्हणता येत नाही, असं तू सांगायचीस. आम्ही दोघी येतोय. मी चेस पाय आणते, तो आपला अंडी-लोण्याचा गोड पदार्थ. तू मला हाकलायचं ठरवलंस, तर आधी गोड ठेवून घे आणि मग हाकल.

तुझी
अ‍ॅग्नेस

१९ मे

प्रिय व्हर्ना,

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेल्या लिमा बीन्स टॅमरानं वाटेतच पेट्रोल पंपावर डब्यातून खाल्ल्या, गार, बोटांनी. मी दटावायला हवं होतं. खरं तर मागितल्या.

परवा तू माझ्याशी हवापाणी बोललीस, रस्त्याबद्दल बोललीस, तुझ्या वडिलांच्या कबरीवर मला फुलं ठेवू दिलीस. मी त्यावरच खूष होते. पण घरी जेवणं झाल्यावर टॅमरानं गिटार बाहेर काढली मात्र, तू “चुलीवरच्या शेंगा बघते” म्हणून आत गेलीस ती आलीसच नाहीस. चुलीवर शेंगा नव्हत्या, व्हर्ना. भांडी मी घासली होती. खिडकीतून तुझी पाठ दिसत होती, म्हणून तुला हाक मारली नाही. पण ओसरीवर काय झालं ते तुला समजलंच पाहिजे. निघताना सांगणार होते, तर तू गाडीच्या टपावर थाप मारलीस आणि वळलीस. तेव्हा कागदावर सांगते.

मिस ओसी झोपाळ्यावर होत्या. टॅमरा त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली, गिटार बाजूला ठेवली आणि नुसते शब्द म्हणाली.

“दात चांगले आहेत पोरीचे,” मिस ओसी मला म्हणाल्या, “पण ओठ हलवत नाही. पुन्हा म्हण गं.”

“दार. लोटून. घे.”

“लोटून! हां. असंच म्हटलं होतं मी. कडी मोडली होती ना.”

टॅमरानं माझ्याकडे बघितलं. मी ओरडून विचारलं, “कडी?”

“ओरडू नकोस, मला ते दिसत नाही. कडी मोडली होती आमची, सबंध उन्हाळा. ह्यांना सांगून माझं तोंड दुखलं. दार जोरात लावलं की चौकट हलायची. म्हणून म्हटलं, जातेस ना, मग लोटून घे. नाही तर बाईसाहेब फणकाऱ्यानं आपटून गेल्या असत्या आणि मला रात्रभर खुर्ची लावून बसावं लागलं असतं.”

व्हर्ना, मी हसायला लागले ती थांबेना. आपण त्या एका ओळीवर किती संध्याकाळी घालवल्या! आईचं काळीज आहे त्या ओळीत, असं तू म्हणायचीस, आणि मी कागदावर समासात ‘काळीज’ असं लिहूनसुद्धा ठेवलं होतं. टॅमरा मात्र हसेना. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी ओठ हलवून विचारलं, “आणि मिस ओसी, कडी धड असती तर?”

त्यांनी बटाट्याच्या वावराकडे बघितलं. मग म्हणाल्या, “तर मी मोडली असती.”

थांब, एवढंच नाही. मी त्यांना रेडिओचं विचारलं. म्हटलं, तुम्ही व्हर्नाला म्हणालात, मी असं कधी म्हटलं?

“म्हटलंच. शब्द चुकला होता. चुकलेलं सांगायला नको? जा आणि दुरुस्त करून ये, असं म्हणायचं होतं मला. तर ही आपली पेटी घेऊन माझ्याच ओसरीवर! आणि बसली कापड फाडत. मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलेलं, माझी मुलगी गाणी लिहिते. आता विचारतात, काय करते? सांगते, पडद्यांची मापं घेते.”

“मग तिला परत जा का नाही म्हणालात?”

“मला वाटलं, हिला तुम्ही लोकांनी हाकललं,” त्या म्हणाल्या. “हाकललेल्या पोरीला आईनं पुन्हा जा कसं म्हणायचं? तूच सांग.”

तू समजत होतीस आई दुखावली आहे, म्हणून आईपाशी राहिलीस. त्या समजत होत्या तू दुखावली आहेस, म्हणून त्यांनी तुला ठेवून घेतलं. आणि मी इथे डबे झटकत बसले होते.

आता कार्डावर एकच शब्द लिहिलास तरी चालेल. पण तो हो नुसता टॅमराच्या गाण्यापुरता नको आहे मला. त्या बाईंना चर्चमध्ये खरं बोलता यायला हवं.

तुझी
अ‍ॅग्नेस

१८ जुलै

प्रिय व्हर्ना,

गेल्या महिन्यात फोनवर तू एवढी हळू बोललीस की आधी मला वाटलं चुकीचा नंबर लागला. “सिस्टर, बदल तो शब्द.” मग थोडं थांबून, “आणि ते कडीचं कुणाला सांगू नकोस.” मी अजून हसते आहे.

काल रेकॉर्डिंग झालं. टॅमरानं एका दमात गायलं. काचेपलीकडे कंपनीचा एक तरुण मनुष्य होता, तो मला म्हणाला, “एकाच शब्दासाठी एवढं?” टॅमरानं माईकवरूनच सांगितलं, “दादा, तुमच्या नावातलं एक अक्षर बदलू का?” त्याचं नाव ब्रॅड आहे. काय बदललं असतं कुणास ठाऊक, पण तो बटणांकडे वळला.

खरं ते सांगते. कॅसेटवर हे गाणं शेवटून दुसरं येणार. रेडिओवर लागायचं नाही, त्यांना ट्रकवालंच लावायचं आहे. मला वाईट वाटलं नाही. कॅसेटच्या वेष्टणाच्या छपाईचा नमुना मी आधीच तुमच्याकडे पाठवला होता. मिस ओसींनी त्यावरचे शब्द बोट ठेवून वाचले आणि म्हणाल्या, “आता बरोबर आहे,” हे तू कळवलंस. मला त्यासाठी रेडिओ नको होता.

टोमॅटो मायंदाळ झालेत. मी एकटी किती सँडविच खाणार? ऑगस्टमध्ये दोघी या. गिटार आणायलाच पाहिजे असं काही नाही. आणलीस तर कोपऱ्यात ठेवायला जागा आहे.

तुझी
अ‍ॅग्नेस

३ सप्टेंबर

प्रिय व्हर्ना,

काल तुझं पत्र आलं, आणि त्यात तुझ्या आईचा निरोप, की नव्या गाण्यावरून माझं नाव काढून टाका, मला या वयात लोकांत हसं करून घ्यायचं नाही. ते पत्र माझ्यासमोर आहे. निरोपाला उत्तर देते, त्यांना ओठ नीट हलवून वाचून दाखव.

मिस ओसी, हा या गावचा रिवाज आहे, मी काढलेला नाही. गाणं होत असताना खोलीत जो असेल आणि ज्याच्या तोंडचं त्यात जाईल, त्याचं नाव लिहिणाऱ्यांत लागतं, बाकीच्यांच्या बरोबरीनं. मग त्यानं एक शब्द दिलेला असो नाही तर चार ओळी. ऑगस्टमध्ये त्या दिवशी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात होतात. आम्ही दोघी सकाळपासून एका कडव्यावर अडलो होतो. व्हर्ना म्हणाली, “हे भिकार आहे, खोड,” मी म्हटलं, मरेन पण खोडणार नाही, आणि मला इतका आनंद झाला की मी आणखी मोठ्यानं भांडले. तुम्हाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तुम्हाला फक्त दोन म्हाताऱ्यांची तोंडं हलताना दिसत होती. तुम्ही मक्याच्या पावाचा तवा आमच्या कागदांवर आणून आदळलात आणि म्हणालात, “आधी जेवा, मग भांडा!”

मी व्हर्नाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती कोपऱ्यातल्या गिटारकडे निघाली होती.

पाव गार झाला, तुम्ही रागावलात, पण जेवणाआधी गाणं उभं राहिलं. ते जे काही आहे ते तुमच्या त्या चार शब्दांवर उभं आहे. तुम्ही म्हणता, मी गाणं सांगत नव्हते, जेवायला बोलावत होते. ते आम्हाला दोघींना कळतं. तरी नाव लागणार.

व्हर्ना, हे पुढचं फक्त तुला. दुसऱ्या कडव्यातला तुझा ‘अंगण’ मला अजून पटलेला नाही, ‘ओसरी’ हवी. मंगळवारी दहाला मी कुणालाही वेळ दिलेली नाही, ये आणि माझं डोकं खा.

आज सकाळी ऑफिसातून नावं टिपून घेणाऱ्या मुलीचा फोन होता. म्हणाली, “मॅडम, तुमचं नाव सापडलं, मिस व्हर्नांचं पण, जुनं. पण हे तिसरं, ओसी प्रूइट, आमच्याकडे कुठेच नाही. नवीन आहेत का?”

“नवीन आहेत,” म्हटलं.

“वय?”

“एक्क्याऐंशी.”

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग ती जरा अदबीनं म्हणाली, “आणखी काही लिहिलंय का त्यांनी?”

“त्या लिहीत नाहीत,” मी म्हटलं. “त्या बोलतात. आम्ही दोघी बसून लिहून घेतो.”

तुझी
अ‍ॅग्नेस